बर्फातलं मीठ

आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात दुपारी लाईट गेली ती गेलीच. फ्रिजमध्ये माझ्या औषधाची बाटली होती, आणि मी बाजारात. आमचे हे, बळवंत, आधीच घाईचा माणूस. फॅक्टरीतून बर्फ आणला, कुटला, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि बाटली मधोमध पुरून मोकळे. लांबच्या गिऱ्हाईकाला पापलेट आम्ही असंच पाठवतो. मीठ पडलं की बर्फ आणखी थंड होतो, मासळी दगडासारखी राहते.

"मंजुळा, एकदम झकास ठेवलंय बघ," मी आल्यावर हे म्हणाले. वर ऐट केवढी!

संध्याकाळी नर्स अक्षता आली टोचायला. औषध नवीन, अजून तपासणीतलं. आम्हा मोजक्या बायकांवर चाललेलं. दोन प्रोटीनं जोडून बनवलेलं, असं तिनेच सांगितलं होतं. एक भाग गाठीतल्या पेशीला धरतो, दुसरा तिला सांगतो, आता तू मर. आणि ती मरते मुकाट. मला हे भारी आवडलं होतं. पोटातली लिंबाएवढी गाठ सुपारीवर आली होती, चेष्टा नाही.

अक्षताने बाटली उचलली आणि तिचा चेहराच उतरला.

"मावशी, हे गोठलंय. थंड ठेवायचं होतं, गोठवायचं नव्हतं. आता त्याचा आकार बिघडला, पेशीला धरणारच नाही. वाया गेलं. दुसरी बाटली आता पुढच्या डोसालाच येणार."

तापामुळे माझा एक डोस आधीच चुकला होता. दोन चुकले की तपासणीतून नाव कट, असा नियम. ह्यांना तो पाठ होता.

"वितळलं की पाण्यासारखंच दिसेल ना? मग टोच की गं," हे म्हणाले. "कोणाला कळणार?"

पोरगी रडवेली होऊन माझ्याकडे बघत राहिली. खोटं कशाला बोलू, माझ्याही ओठांवर 'टोच' आलं होतं. जगायचंय मला.

"हे टोचलंस आणि गाठ वाढली, तर काय लिहितील?" मी विचारलं.

"की औषध लागू पडलं नाही."

"म्हणजे चूक बर्फाची आणि बदनाम मासळी? माझ्यामागे बायका आशेने बसल्यात, त्यांनी काय करायचं? नको. लाव डॉक्टरांना फोन."

नाव कट झालं. डॉक्टर चांगलं बोलले, जुनी केमो परत चालू करू म्हणाले. ती माझ्यावर चालत नाही, हे त्यांनाही माहीत, मलाही.

अक्षता गेल्यावर मी ह्यांच्यावर तोंड सोडलं. बाटलीवर लिहिलेलं दिसलं नाही? एक फोन करायला काय झालं होतं? ते ओटीवर बसून पोरासारखे रडले. मग मी जेवायला वाढलं.

सकाळी हे बाजारात पापलेटची पेटी भरत होते. बर्फ घातला आणि मिठाच्या पिशवीत हात घालून तसेच थांबले. माझ्याकडे बघेनात.

"टाका हो," मी म्हटलं. "मासळीला लागतं ते."