काणी की तुरा?

मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो. कोपऱ्यात काच तडकलेली, बॅटरी भर दुपारीच मान टाकते. पण ऐट विचाराल तर अजून नव्यासारखी!

लॉकडाऊनमध्ये मी पोरांच्या शाळेसाठी कुंडलला आलो. शाळा उघडली आणि मी पिठाच्या डब्यामागे जाऊन पडलो. फार वाईट वाटायचं हो. मग एक दिवस पोरांच्या आईनं, संयोगिताताईंनी धूळ पुसून मला त्यांच्या सासूबाईंच्या, चंद्राबाईंच्या हातात दिलं.

विश्रामबागच्या कॉलेजातल्या दीपमालानं बनवलेला एक खेळ माझ्यात होता. उसाचा एकच फोटो दोन अनोळखी माणसांना दिसायचा. दोघांचं उत्तर जुळलं की गुण मिळायचे, आणि त्या उत्तरांवरून संगणक उसाचे रोग ओळखायला शिकायचा. नाही जुळलं तर एक जीव जायचा. पाच जीव गेले की खेळ बंद!

चंद्राबाईंची चाळीस वर्षं उसात गेलेली. तांबेरा म्हणू नका, मावा म्हणू नका, पटापट ओळखायच्या. पण एका रानाचे फोटो आले आणि घोडं अडलं. उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा लांब पांढरा फोक निघालेला. सगळे लिहीत ‘तुरा’, म्हणजे उसाचा फुलोरा; चंद्राबाई लिहीत ‘काणी’, म्हणजे रोग. बघता बघता एकच जीव उरला.

“आवं आत्या, समदी तुरा म्हणत्यात. तुमीबी तेच लिवा की!” संयोगिताताई म्हणाल्या.

“न्हाई लिवणार! एवढ्या कवळ्या उसाला तुरा येतो व्हय गं? वर पांढरा पापुद्रा हाय, आत काळी भुकटी असणार. ह्या रानातल्या कांड्या बेणं म्हणून लावल्या तर रोग गावभर पसरंल.”

त्यांनी पुन्हा ‘काणी’ लिहिलं. झालं! खेळ बंद.

पण चंद्राबाई कसल्या गप्प बसतात! खेळात दिलेल्या नंबरावर त्यांनी दीपमालाला फोन लावला. “पोरी, मला खेळाय नगं दिऊस. पर त्या रानाच्या मालकाला पापुद्रा खरवडून बघाय सांग.”

रान निघालं कडेगावच्या आकारामचं. संध्याकाळी त्याचाच फोन आला. “आक्का, हात काळा झाला की वो! उद्या पाच जण बेणं न्यायला येणार हुते. लय वाचलो बगा!”

चंद्राबाई आनंदानं ताडकन उठल्या आणि मी मांडीवरून थेट फरशीवर! काचेतला हा तडा तेव्हाचा. मी तो मिरवतो.

दीपमालानं खेळ बदलला. आता उत्तर एकटं पडलं म्हणून जीव जात नाही, आधी कारण विचारतात. आणि सगळेच अडले की एक बटण उमटतं: ‘चंद्राबाईंना विचारा’. ते कुणी दाबलं की मी वाजतो.

म्हणून मित्रांनो, जुनं झालं म्हणून कुणाला डब्यामागे टाकू नका, वस्तूला नको आणि माणसाला तर नकोच. आणि हो, माझा चार्जर तेवढा कुणी पळवू नका. कुणाचं तरी रान वाट बघत असेल.