परवलीचा शब्द

"ओळख पटल्याशिवाय दार उघडता येणार नाही," जाळीच्या दाराआडून श्रीरंग म्हणाले. आवाज नम्र होता, बँकेतल्या ग्राहकाशी बोलावा तसा.

क्रांती चौकातून आणलेली औषधं सावरत कालिंदीबाई म्हणाल्या, "मृण्मयी."

कडी निघाली. "ये. किती उशीर केलास."

श्रीरंगांचं आयुष्य बँकेच्या संगणक विभागात गेलं. समोरचा माणूस तोच आहे याची खात्री करायची, आणि माहिती अशा सांकेतिक रूपात पाठवायची की वाटेत कुणी पकडली तरी वाचता येऊ नये, हे त्यांचं काम. विस्मरणाच्या आजाराचं निदान झालं त्या संध्याकाळी तेच बायकोला म्हणाले होते, "उद्या मी तुला ओळखलं नाही, तर आपल्या दोघांनाच ठाऊक असलेलं काहीतरी हवं."

दोघांना एकच नाव सुचलं. जन्मल्यावर रडलीच नाही, त्या मुलीसाठी ठरवलेलं. ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका सकाळी कामाच्या चतुराबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "बाई, काल तुमी बाहेर व्हत्या, तवा साहेब मला आत घेईनात. मंग मी तुमच्यावानी मृण्मयी म्हणलं. लगेच उघडलं."

"काय म्हणाले?"

"ये कालिंदी, म्हणले. लई येळ हात धरून बसले." चतुराबाईंनी मान खाली घातली. "मला हात सोडवून घेववंना."

खुर्चीतून श्रीरंगांनी विचारलं, "हिला कसं कळलं?"

रोज जिन्यात उभं राहून कालिंदीबाईच तो शब्द मोठ्यानं म्हणत होत्या.

रविवारी चतुराबाई येत नसत. कालिंदीबाई दूध घेऊन वर आल्या.

"मृण्मयी."

कडी हलली नाही.

"हा शब्द फुटला," श्रीरंग म्हणाले. "बदलावा लागला."

"नवा काय ठेवलात?"

"तो तुम्हाला कसा सांगणार? फक्त बायकोला सांगितलाय."

"अहो, मीच ती. मला नाही सांगितलात."

श्रीरंगांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग आतून पाण्याची बाटली आणून जाळीच्या फटीतून बाहेर दिली. "दमलेल्या दिसता. बसा थोडा वेळ. ती येईलच."

त्यांनी आत दारालगत खुर्ची ओढली. कालिंदीबाई पायरीवर टेकल्या. खाली पावलं वाजली की श्रीरंग मान उंच करून, त्यांच्या डोक्यावरून जिन्याकडे बघत. थोड्या वेळानं त्याही तिकडेच बघू लागल्या.