मगावरचा मधुमेह

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावरच्या थोरलीने एक पांढरा मग उंच धरला. त्यावर एका शिंप्याचं नाव वळणदार अक्षरांत रंगवलेलं होतं. खाली तिने सगळ्यांदेखत तशाच शाईने त्याचं दुखणं लिहिलं, ‘दमा’. नंतर गुलाबाच्या वासाच्या मंतरलेल्या पाण्यात फडकं भिजवून तिने मगावरून फिरवलं.

“आपलं ते राहील, परकं ते जाईल,” ती डोळे मिटून म्हणाली.

दमा गेला, नाव राहिलं. लोकांनी हात जोडले. शिंप्यानेही जोडले, धापा टाकतच.

मागे उभ्या असलेल्या तिच्या धाकट्या बहिणीने मगाकडे निरखून पाहिलं. ती अक्षरं तिचीच होती. घरी बसून मगांवर पक्क्या शाईने नावं रंगवणं हा तिचा उद्योग. भेट द्यायला हवेत, असं सांगून थोरलीने तिच्याकडून ढीगभर मग करून घेतले होते. बहिणीचं काम म्हणून तिनेही ते जीव ओतून केले होते. इथे ती आज पहिल्यांदाच आली, कारण आई दवाखान्यात होती. मगावरचा ‘मधुमेह’ पुसला गेल्यापासून आईने गोळ्या सोडल्या होत्या. पोटच्या पोरीवर ती कशाला शंका घेईल?

पुढच्या सभेत धाकटी स्वतःचा मग घेऊन थेट व्यासपीठावर चढली. त्यावर वर ‘आई’ आणि खाली ‘मधुमेह’ असं लिहिलेलं होतं. दुखणं उलटलंय, पुन्हा पुसून दे, एवढंच ती म्हणाली. थोरली घुटमळली, पण शेकडो डोळे बघत होते. तिने फडकं फिरवलं.

‘आई’ पुसली गेली. ‘मधुमेह’ जागचा हलला नाही.

धाकटीने लोकांना सरळ सांगितलं. ही शाई ओव्हनमध्ये भाजली की पक्की बसते. न भाजलेली स्पिरिटने चटकन निघते. थोरलीच्या पाण्यात स्पिरिटच आहे, गुलाबाचा वास ते लपवण्यापुरता. एरवी नाव भाजलेलं असतं, आज धाकटीने आजार भाजून आणला होता आणि नाव कच्चं ठेवलं होतं.

“घरातलं घरात बोलायचं होतंस,” थोरली पुटपुटली.

“आई घरातली नव्हती?”

थोरलीने फडकं खाली ठेवलं. धाकटीला रडू फुटत होतं, तरी ती लोकांकडे वळली.

“मगावरची शाई पुसली म्हणून रक्तातली साखर उतरत नाही. घरी जा, आपापली औषधं सुरू करा. आणि चमत्कार दिसला की आधी विचारा, हे केलं कसं. दाखवणारी सख्खी बहीण असली, तरी विचारा.”