दारापासून तिसरी फरशी

शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, सुपरमार्केटच्या सरकत्या काचेच्या दारापासून तिसऱ्या फरशीवर, एक पिवळा कागद तिच्या वाटेत आडवा आला — हातभर अंतरावरून — आणि तिने वर न बघता, पाऊल न आखडता, कानाला लावलेल्या बंद फोनच्या आडून ‘नको’ म्हटले. त्या शब्दात आता राग उरला नव्हता, संकोच तर केव्हाच गळून पडला होता. दाराला कडी घालावी तसा तो आपोआप पडत असे.

या दाराशी तिचे जुने वैर होते. वर्षभरापूर्वी ती इथे एकदा थांबली होती. “मॅडम, एकच मिनिट! वाचायला आवडतं ना तुम्हाला?” असे पिवळ्या जाकिटातल्या एका मुलीने विचारले — तेव्हापासून मनातल्या मनात त्या मुलीचे नाव ‘पिवळी’ — आणि ‘हो’ म्हणताच अंधांच्या वाचनालयासाठी दरमहा देणगी देण्याचा अर्ज पुढे झाला. ज्याच्या उत्तरात विचारणाऱ्याला काडीचाही रस नाही तो प्रश्न नव्हेच, तो गळ होय. अंधांविषयी तिला कणव नव्हती असे नाही. पण कणव अशी खिंडीत गाठून मागायची असते का?... पुढे तिने युक्त्या शोधल्या. बंद फोन कानाला लावायचा. नजर फरश्यांवर ठेवायची. आणि मुख्य म्हणजे चेहरा पाहायचा नाही. चेहरा पाहिला की माणूस अर्धा हरला.

हे शेवटचे तिला मुळीच जड गेले नाही. सव्वीस वर्षे ती तपासणीसाठी लोकांचे रक्त काढत आली होती. खुर्चीत माणूस बसतो, बाही वर जाते, हात पुढे येतो. “मूठ आवळा. थोडंसं टोचेल. झालं, कापूस दाबून धरा.” दिवसाला साठ-सत्तर हात, उभ्याने, पोटऱ्या भरून येईपर्यंत. ती पाहते त्या शिरा — लपणाऱ्या, निसटणाऱ्या, बोटाखाली दोरीसारख्या सरकणाऱ्या. आणि ज्याची शीर त्याचे तोंड भिंतीकडे. सुई टोचताना सगळे भिंतीकडेच बघतात. म्हणजे मलाही कुणी बघत नाही... फिटंफाट.

भांडी घासायच्या साबणाच्या फळीशी तिने हात वर केला आणि तो तसाच राहिला.

तो हात... कागद धरणारा. त्याच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी उगवून मनगटाच्या अलीकडे दुभंगणारी एक शीर होती, आणि तिचा डावा फाटा मध्येच बुडून पुन्हा वर येत होता. तिने ती पाहिली होती. डोळ्यांनी आपले नेहमीचे काम केले होते, फक्त निरोप पोचायला चार फळ्यांचे अंतर लागले. अशी शीर तिला सव्वीस वर्षांत एकाच हातावर आढळली होती. पहिल्याच वर्षी, खुर्चीत बसलेला एक सडपातळ तरुण भिंतीकडे मान वळवीना. “सुई बघितली की मला भोवळ येते,” तो म्हणाला होता, “भिंत बघितली तरी येते. तुमच्याकडे बघितलं तर चालेल?” दोन वर्षांनी त्यांचे लग्न झाले.

तिचा नवरा. दारात. पिवळ्या जाकिटात.

नोकरी जाऊन त्याला आठ महिने झाले होते. मंगळवारी तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाला होता, “मला एक काम मिळालंय. शनिवारपासून.” ती दुधाचे करपलेले पातेले खरवडत होती. “बरं झालं,” ती म्हणाली. तो तिथेच उभा राहिला. तिला वाटले, पाणी हवे असेल. तिने पेला भरून पुढे केला. त्याने तो पिऊन टाकला आणि पेला विसळून पालथा ठेवला. कुठलं काम? — दोन शब्द. तेवढ्यासाठीच तर तो उभा होता. आणि मी त्याला पाणी पाजले!

“मॅडम, एकदा फिरवून तर बघा! कंबर वाकली तर पैसे परत!”

लादी पुसायच्या दांड्यांजवळचा विक्रेता होता. ‘नको’ ओठांवर आलेच होते. तिने मान वर केली. त्याच्या हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक, ताजी खूण होती.

“आज नको,” ती म्हणाली.

“मग उद्या या. उद्या मीही इथेच आणि ही दांडीही इथेच. आम्हाला दोघांना कोण नेतंय!”

तिला हसू आले नाही, पण ती लगेच निघालीही नाही. आता दारातला नवऱ्याचा आवाजही आठवत होता. “मॅडम, ए—” एवढेच. पुढचे ‘कच मिनिट’ तुटले होते. त्याने ओळखले होते. ओळखले आणि सोडून दिले... आणि त्या क्षणी मी मनात काय म्हटले? चला, आज लवकर सुटका झाली.

साबण, चहा, मीठ. यंत्रासारख्या वस्तू गोळा करताना ती स्वतःशीच वाद घालत राहिली. घरी काय सांगायचे? ओळखले नाही म्हणावे, तर ते खरे. ओळखूनच पुढे गेले, तुला अवघड वाटू नये म्हणून — हे खोटे. पण लागेल ते कोणते? खोट्याला निदान मायेचे अस्तर लावता येते. खऱ्याला काय लावायचे? बाहेर जायला दुसरे दार असते तर... तर गेले असते का मी? गेले असते. हे उत्तर इतक्या तत्परतेने आले की तिला स्वतःचीच भीती वाटली.

पैसे देऊन ती दाराशी आली. तो आणि पिवळी, दोघेही पाठमोरे होते, तोंडे रस्त्याकडे. जाकीट त्याला दोन मापे मोठे होते. बाह्या दुमडून नीट घडी घातलेली — शर्टाच्या घालतो तशीच. दार सरकले.

“त्या निळ्या पिशवीवाल्या बाई ना?” पिवळी म्हणत होती. “त्यांच्यामागे तोंडाची वाफ दवडू नका, काका. वर्षभर बघतेय मी त्यांना.”

“दमलेल्या असतील हो त्या,” तो म्हणाला. “दिवसभर उभ्याने काम असलं की माणूस...”

“अन् आपण काय झोपाळ्यावर बसलोय?”

तो हसला. आठ महिन्यांत हे हसणे घरी ऐकू आले नव्हते. ते हरवले आहे हेही तिला आता, इथे, पायपुसण्यावर उभे असताना कळत होते. निळी पिशवी बोटांत रुतत होती. पुढे तीन फरश्या. दाराला वाटले, ही बाहेर पडणार. ते उघडेच राहिले. तिने फोन पर्समध्ये टाकला. कुठलं काम... असे आता विचारता येत नाही. दुसरा प्रश्न तिला सापडत नव्हता, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीचे पाय जागचे हलत नव्हते.

“मग बाहेर येताना विचारून बघू का त्यांना?” तो म्हणाला.

“छे हो काका,” पिवळी म्हणाली. “थांबणारे असतात ते आत जातानाच थांबतात. बाहेर येताना कुणी थांबत नाही.”