छातीवरचं चुंबक

"काकू, हात सोडा!" सिस्टर ओरडली, पण तोवर ड्रायव्हरकाकांचं अंग पलंगावर ताडकन उडालं होतं. काकूंनी चटका बसावा तसा हात मागे घेतला.

काकांनी जन्मभर बस चालवली. आता हृदय पार थकलेलं, आणि ते भलतंच धावू लागलं की झटका देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत बसवलेलं. कालपासून हे असंच चाललं होतं.

"आतला जागाच असतो," काका पुटपुटले. "डोळा लागला की लाथ घालतो. बंद करा हो त्याला."

"असं अभद्र बोलू नये, काका. आम्ही कशाला आहोत मग?"

कालही तिनं हेच उत्तर दिलं होतं. पॅलिएटिव्ह, म्हणजे बरं करण्याऐवजी नुसता त्रास कमी करणं, हे कॅन्सरवाल्यांचं, हात टेकल्यानंतरचं, असं तिच्या मनात पक्कं बसलेलं. हृदयविभागात कुणी हात टेकत नसे.

"मरायला मी भीत नाही, बाई. ही जवळ बसायला भिते, त्याचं काय करू?"

काकूंनी खुर्ची भिंतीला टेकवली होती. नवऱ्याकडे नव्हे, त्याच्या छातीवरच्या उंचवट्याकडे त्या बघत होत्या. खोलीत तिसरं कुणी असावं तशा.

सिस्टर डॉक्टरांकडे गेली. "बंद केलं तर आपणच मारल्यासारखं होईल ना, सर?"

"झटक्यांनी आता जीव वाचत नाहीये, सिस्टर. नुसता मार बसतोय. ते कधीपासून म्हणतायत?"

"कालपासून," ती खाली बघत म्हणाली.

डॉक्टर येऊन दोघांशी बोलले. मग सिस्टरनं बांगडीएवढं चुंबक उंचवट्यावर ठेवून चिकटपट्टीनं घट्ट बसवलं. हे असेपर्यंत यंत्र झटका देत नाही.

"या जवळ, काकू."

"नक्की ना?"

सिस्टरनं स्वतःचा तळवा काकांच्या छातीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. काकू उठल्या.

"आलीस का?" काका म्हणाले. "पुढच्याच सीटवर बस."

संध्याकाळी पडद्यावरची रेघ वेडीवाकडी झाली. अलार्म वाजला, सिस्टरनं तो बंद केला, आणि सवयीनं तिचे पाय मागे सरले. काकूंनी डोळे घट्ट मिटले, खांदे आकसून घेतले. हात मात्र सोडला नाही.

झटका आला नाही. काकांनी हलकेच श्वास सोडला, पुढचा घेतला नाही.

"येऊन गेला का झटका?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही येणार, काकू."

काकूंचे खांदे तरीही तसेच आकसलेले राहिले.