येळवशीची मोजणी

दोन आगारं एक करण्याचा हुकूम आला, तेव्हा बब्रुवान नुसता हसला. तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसानं असले हुकूम पायलीचे पन्नास पाहिले होते. पण या कागदात एक ओळ निराळी होती. विलीनीकरणाआधी प्रत्येक फेरीतली माणसं मोजायची आणि दहाच्या खाली भरेल ती फेरी बंद करायची.

माकणीच्या पुढं, आडवळणाला असलेल्या त्याच्या वाडीला सकाळी सातची एकच गाडी होती. वाडीतल्या अकरा पोरी तिनंच कॉलेजला जायच्या. त्यातली मोनिका सगळ्यांत हुशार. मेंढरं राखणाऱ्या गुंडाप्पाची ही लेक बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती आणि बापानं तिला साफ बजावलं होतं, "गाडी हाय तवर शीक. गाडी गेली की कॉलेज बी गेलं." बब्रुवानला लेकरू नव्हतं. मोनिकाच्या मार्कांची बढाई गावभर मारायची ती त्यानंच.

मोजणीची तारीख आली ती नेमकी येळवशीची. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आपल्याकडं गावात चिटपाखरू राहत नाही. सगळी माणसं शेतात, कडब्याच्या खोपीपुढं, ताकातली आंबील नि पालेभाज्या-दाण्यांची भज्जी खायला. मुंबईच्या साहेबांना हे कुठून ठाऊक असणार? तारीख बदला, एवढा एक फोन केला असता तरी भागलं असतं. पण बब्रुवानला आनंदाचं भरतं आलं. ऐन येळवशीला साहेब आपल्या गावी! त्यानं लगेच साहेबांना शेतात जेवायला बोलावून टाकलं. आंबील पोटात गेल्यावर कुणाची लेखणी वाकडी चालेल?

आदल्या दिवशी मोनिका विचारायला आली. "काका, उद्या गाडीतली माणसं मोजणार हायत म्हणं. आमी पोरी जाऊ का कॉलेजला?"

"येळवशीला कोण जातं गं कॉलेजला? काकूला हात लाव. साहेब जेवायला येणार हायत."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

दुसऱ्या दिवशी साहेब त्याच गाडीत बसून गेले-आले आणि दुपारी शेतात पोचले. बब्रुवानच्या बायकोनं, द्वारकाबाईनं बाजरीचे उंडे, भज्जी, गव्हाची खीर वाढली. साहेबांनी आंबिलीचे तीन पेले रिचवले. मिशी पुसत म्हणाले, "जेवण फक्कड झालंय. पण तुमच्या वाडीच्या गाडीत दोनच माणसं होती हो, बब्रुवानराव."

आज सण आहे, उद्या मोजा, एवढंच बब्रुवानला म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठावर आले. पण येळवशीला बोलावून आणलेल्या पाहुण्यापुढं, तो पानावर असताना, आपलं गाऱ्हाणं कसं मांडायचं? त्यासाठीच जेवू घातलं असं वाटलं तर? शेजारी मोनिका भज्जीचं पातेलं घेऊन उभी होती.

"घ्या की अजून, साहेब," तो म्हणाला. "वाढ गं."

हात धुतल्यावर साहेबांनी कागद पुढं केला. मोजणी नेहमीच्या दिवशी झाली, असं त्यावर छापलेलं होतं. बब्रुवाननं ते वाचलं आणि सही केली. उद्या फोन करू, असं त्यानं मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा साहेब म्हणाले, "अहो, कागद कालच पुढं गेला. शिवाय सही तुमचीच आहे."

महिन्याभरात आगारं एक झाली. वाडीची फेरी नव्या वेळापत्रकात नव्हतीच. दोन पोरी नातेवाइकांकडं राहायला गेल्या, बाकीच्या घरी बसल्या. बब्रुवानला जेवण जाईना. द्वारकाबाईनं विचारलं की तो पित्ताचं कारण सांगायचा.

मग एक दिवस गुंडाप्पा दारात आला. "पोरीचं जमलं येरमाळ्याकडं. पोरगं बरं हाय. सुपारी तुमच्या हातानं फुटली पायजे. तिच्यासाठी लई केलं तुमी."

बब्रुवाननं मान हलवली.

सुपारी फुटली त्या दिवशी मोनिका पाया पडायला आली. अंगावर नवी साडी होती आणि डोळे सुजलेले होते. उठताना तिनं हळूच विचारलं, "काका, मोजणी दुसऱ्या दिवशी करा म्हणून सायबाला सांगता आलं नसतं का?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"सांगितलं की. लई सांगितलं. त्येनी ऐकलंच न्हाय."

"व्हय," ती म्हणाली. "म्या बी आईला तेच म्हणलं. काका आमच्यासाठी सांगितल्याबिगर राहिलेच नसतील."