एका जागेवर दोघी

मी तापट बाई हाव, हे साऱ्या मिलले माहीत हाय. शेठले माह्यासंगं बोलाचं असलं की तो पह्यले मुनीमले धाडते. त्या दिवशी शेठ स्वतः चालत आला, तवाच मी समजली, आज काहीतरी वाईट हाय.

आमी आठ बाया अकोल्याच्या एका डाळ मिलमधी तुरीची डाळ निवडतो. खडा, काळा दाना, साल न निघालेला दाना, सारं सुपात घेऊन हातानं काढाचं. औंदा शेठनं मशीन आनली. ती रंग पाहते अन् खराब दाना हवेनं उडवून बाजूले टाकते. तरी पोतं शिवाच्या आधी एकदा मानसाचा हात लागतेच, पन आठ जनीचा नाही, चौघींचा. शेठ म्हने, पार्बताबाई, चौघी ठेवतो. तुमी त्यात हायच, बाकीच्या तिघी तुमीच सांगा.

सांगा म्हने! म्हंजे शिव्या मी खाव्या अन् यानं पंख्याखाली बसावं. कोनाले सांगू, घरी जा म्हनून? जमुनाले, जिचे दोन पोट्टे शाळेत हाय अन् नवरा नाही? का रजियाले? रजिया अन् मी लग्न होऊन या गावात आलो तवापासून एकाच ढिगाशी बसतो. ती जुन्या शहरातून येते, मी उमरीच्या वस्तीतून. दुपारी तिचा डबा उघडला की माहाही उघडते, अन् कोनाची भाजी कोनी खाल्ली याचा पत्ता लागत नाही.

मंग माह्या डोक्यात आलं. मशीननं अर्धं काम नेलं, तं उरलेलं अर्धं आठ जनीत वाटून टाकाचं. चार जागा, एका जागेवर दोघी. एकीनं सोमवार ते बुधवार याचं, दुसरीनं गुरुवार ते शनिवार. मजुरी अर्धी होईन, पन चूल कोनाचीच बंद पडनार नाही. आमच्यातली रागिणी फनकारली. म्हने, माहा हात साऱ्याईत जोरात चालते, मी अर्धं कावून घेऊ? तिले मी समजावलं नाही, झापलं. शेठले सांगतलं तं तो हसला, पन हो म्हनला. दिवाळीपरेंत पाहू म्हने, काही घोळ झाला तं चौघीच राहतीन.

जोड्या मीच लावल्या. एक आजारी पडली का तिच्या घरी कार्य निघालं, तं त्या जागेवर दुसरीनं धावून आलं पाह्यजे. म्हनून जिचा जिच्यावर जास्त भरोसा, त्या दोघींची जोडी. जमुनाची सुंदराबाईसंगं, माह्यी रजियासंगं. लय शहानपन केलं असं वाटलं मले.

पह्यल्या गुरुवारी मी कामावर आली तं रजिया आधीच ढिगाशी बसलेली. तिचे दिवस बुधवारीच सरले होते. म्हने, घरी करमत नाही. ती बसली, पन तिचे हात कसे बसतीन? बोलता बोलता तिनं सूप ओढलं अन् निवडाले लागली. मलेही बरंच वाटलं, खोटं कावून सांगू. तिचं पाहून जमुनाही सुट्टीच्या दिवशी सुंदराबाईपाशी येऊन बसू लागली. तिचेही हात डाळीत. मुनीम दारात उभा राहून पाहे.

एका बुधवारी त्यानं मले निरोप धाडून बोलावलं, अन् सुपारी चघळत म्हनला, "पार्बताबाई, तुमच्या बाया तं बिनमजुरीच्या येऊन राह्यल्या. शेठ म्हनत होते, मंग चार जागा तरी कावून ठेवाच्या? तिनात भागते."

माह्या अंगाची लाही झाली. एक जागा गेली म्हंजे दोन बाया घरी. अन् ते कोनामुळं? मले शेठचा राग आला, मुनीमचा आला, अन् साऱ्यात जास्त रजियाचा आला. रातभर डोळ्याले डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकातच उभी राह्यली. ती पिशवीत डबा घेऊन आली.

"आत नको येऊ, रजिया."

तिले वाटलं मी मजाक करून राह्यली. हसून पुढं निघाली तं मी आडवा हात केला.

"मी कुठं मजुरी मागते? फुकट तं करते."

"तेच तं. तू फुकट करते म्हनून दोघीची रोजी जाते. घरी जा."

मांगून रागिणी येत होती, चौकीदार पाहत होता. रजियानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली अन् वळली. मी आत गेली.

माह्यं काही कामात मन लागेना. माह्या सुपातून रागिणीनं दोनदा खडा काढून दाखवला, तं मी तिच्यावरच खेकसली. रजियाचा पोरगा मोईज अमरावतीले नोकरीवर, सून तिकडेच. घरी जाऊन ती कोनाशी बोलत असन? वाटे, उठून जावं. मंग वाटे, कायले जावं, मी बरोबर हाव. अन् बरोबर असूनही जीव जाग्यावर नव्हता.

जेवनाची सुट्टी झाली तशी मी बाहेर आली. सडकेच्या पलीकडं चहाची टपरी हाय, तिच्या बाजूले कडुलिंबाखाली रजिया बसलेली. मांडीवर डबा, झाकन लावलेला. सकाळपासून तिथंच होती. मी जाऊन तिच्यासमोर उभी राह्यली. घरी कावून गेली नाही, असं विचारलं, तेही रागानंच.

"तू काम वाचवून राह्यली, ते मले फाटकातच समजलं," ती म्हनली. "मी काही बावळी नाही. पन जोड्या लावताना तू एक पाह्यलं नाही, पार्बता. माह्या जागेवर तू, तुह्या जागेवर मी. म्हंजे मी असली का तू नाही, अन् तू असली का मी नाही. मी काय डाळीसाठी येत होती? मले तू पाह्यजे होती."

मी खाली बसली. दिवस वाटले, जागा वाटल्या, मजुरी वाटली, अन् हे माह्या टाळक्यात एकदाही आलं नाही. मले रडू आलं. सडकेवरून आटो जात होते, टपरीवाला पाहत होता, पन मले त्याची लाज वाटली नाही. तिनं डबा उघडून माह्यापुढं सरकवला. वांग्याची भाजी होती. दोघी जेवलो.

जोड्या आज संध्याकाळीच बदलते, आपल्या दोघीचे दिवस एकच करते, मी म्हनलं.

"नुसत्या आपल्याच नको. जमुना अन् सुंदराबाईचंही तेच हाय."

मांगून मुनीमनं आवाज देला, वेळ झाली म्हने. मी उठली. सवयीनं रजियाही उठली, पदर झटकला अन् माह्यासंगं सडक पार करून आली. फाटकापाशी मात्र तिचे पाय थांबले. मले वाटलं, तिचा हात धरून आत न्यावं. धरला नाही.

"जा," ती म्हनली. "आपल्याले संगं सुट्टी भेटू दे, मंग पाहून घे, मी तुह्या मिलकडं फिरकत बी नाही."